सिॲटल शहर ऑलिंपियाकडे काय मागतं आणि का मागावं लागतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या फराळाला चार मराठी घरं जमली की कुणी ना कुणी विचारतंच, "घरपट्टी वाढली, भाडं वाढलं, ही कौन्सिल करते तरी काय?" योगायोग असा की नेमक्या त्याच दिवसांत सिॲटलच्या सिटी हॉलमध्ये वॉशिंग्टन राज्याकडे करायच्या मागण्यांची पुढच्या वर्षीची यादी तयार होत असते. त्या यादीबद्दल इतक्या जणांनी इतक्यांदा विचारलं की उत्तरं एकदाच लिहून काढली.

ही यादी म्हणजे नक्की काय?

शहराने राज्याच्या विधिमंडळापुढे अधिकृतपणे ठेवलेल्या मागण्या. कोणते कायदे बदलून हवेत, कोणत्या कामांना पैसा हवा, कोणत्या विधेयकांना शहराचा पाठिंबा आहे आणि कोणती आली तर विरोध होईल, हे तीत लिहिलेलं असतं. शहराचे लॉबिस्ट, म्हणजे आमदारांना भेटून शहराची बाजू मांडणारी पगारी माणसं, राज्याची राजधानी ऑलिंपियात जे बोलतात ते या यादीला धरून. यादीला कायद्याचं बळ नाही आणि ती पाळायला राज्य बांधील नाही. शहराने मांडलेलं गाऱ्हाणं, एवढाच तिचा दर्जा.

शहराला स्वतःचा मेयर आहे, नऊ जणांची कौन्सिल आहे. मग राज्यापुढे हात का पसरायचे?

खरा प्रश्न हाच आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत शहर हा शब्दच नाही. शहर हे राज्याचं लेकरू, राज्याने दिले तेवढेच त्याला अधिकार. आयोवाचे न्यायाधीश जॉन डिलन यांनी १८६८ मध्ये हे तत्त्व इतकं रोखठोक मांडलं की आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. वॉशिंग्टन राज्याची १८८९ ची घटना थोडी उदार आहे. तिच्या अकराव्या कलमानुसार राज्याच्या सर्वसाधारण कायद्याशी विसंगत नसलेले स्थानिक नियम शहरं स्वतः करू शकतात. म्हणूनच सिॲटलने २०१४ मध्ये १५ डॉलर किमान वेतनाचा कायदा कुणाला न विचारता केला.

पण या उदारपणाला दोन कुंपणं आहेत. कर बसवायचा तर राज्याने तो अधिकार स्पष्टपणे दिलेला असावा लागतो. आणि एखादा विषय राज्याने "हा आमचा" म्हणून राखून ठेवला की शहराने त्यात बोटसुद्धा घालायचं नाही. घरभाडं, बंदुका, टॅक्सी ॲप, घरपट्टीची वाढ, रस्त्यावरचे कॅमेरे: लोक ज्यावरून कौन्सिलला शिव्या घालतात त्यातले बरेच विषय या कुंपणापलीकडचे आहेत.

मी म्हणूनच ही यादी उलटी वाचतो. शहराला काय हवंय यापेक्षा शहराला स्वतःच्या हिमतीवर काय करता येत नाही, हे तिच्यातून जास्त स्वच्छ कळतं.

म्हणजे आपल्याकडच्या महापालिकेसारखंच की.

लेकराची उपमा दोन्हीकडे लागू पडते, पण आपल्याकडचा बाप जास्त कडक. महाराष्ट्रात महापालिकेचा आयुक्तच राज्य सरकार नेमतं. महापालिकेने केलेला ठराव राज्याला विखंडित करता येतो. पुणेकरांना हे वेगळं सांगायला नको: स्वतः राहत असलेल्या घराच्या मिळकतकरातली ४० टक्के सवलत राज्याच्या आक्षेपामुळे गेली आणि २०२३ मध्ये परत आली तीही राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं तिथे प्रशासक होता. सिॲटलमध्ये असं घडू शकत नाही.

दुसरा फरक पद्धतीचा. आपल्याकडे महापालिका ठराव करून नगरविकास खात्याकडे पाठवते, महापौर पालकमंत्र्यांना निवेदन देतात, त्याचा फोटो छापून येतो आणि पुढचं सगळं पक्षाच्या वजनावर. इथे तेच काम वर्षभर, पगारी माणसं ठेवून आणि खर्चाचा जाहीर हिशोब देऊन चालतं.

यादी कोण बनवतं आणि कधी?

मेयरच्या अखत्यारीत आंतरशासकीय संबंधांचं एक कार्यालय आहे. राज्य, केंद्र, काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी) आणि आदिवासी राष्ट्रांची सरकारं यांच्याशी होणारी शहराची बोलणी हे कार्यालय बघतं. उन्हाळ्यापासून ते शहराच्या खात्यांना विचारू लागतं: वाहतूक, घरबांधणी, वीज, पाणी, पोलीस, कुणाला काय हवंय? खाती भरभरून लिहून देतात. मग काटछाट होते, कौन्सिल सदस्य आपापले मुद्दे घुसवतात आणि वर्ष संपण्याच्या सुमाराला मसुदा कौन्सिलपुढे येतो.

घाई असते कारण राज्याचं अधिवेशन जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं. विषम वर्षी ते १०५ दिवस चालतं आणि त्यात दोन वर्षांचा अर्थसंकल्प होतो. सम वर्षी फक्त ६० दिवस. विधिमंडळ अर्धवेळ आहे, सदस्यांना आपापले उद्योगधंदे असतात. त्या ६० दिवसांतही विधेयक समितीतून बाहेर पडायची एक तारीख, पैशाच्या समितीची दुसरी, मूळ सभागृहाची तिसरी. एक जरी हुकली तरी विधेयक बहुतेक वेळा तिथेच संपलं. फेब्रुवारीत जागं होऊन "आमचं एक म्हणणं होतं" म्हणणाऱ्याला ऑलिंपियात कुणी विचारत नाही.

यादीतल्या सगळ्या मागण्या सारख्याच वजनाच्या असतात का?

मुळीच नाहीत, आणि हे ओळखायला शिकणं हीच गंमत आहे. काही मागण्यांमध्ये नेमकं कलम, नेमकी रक्कम, नेमकं काम लिहिलेलं असतं. त्यांच्यासाठी शहराचा माणूस समितीच्या दारात उभा राहतो. बाकीच्यांमध्ये "अमुक दिशेने होणाऱ्या प्रयत्नांना शहर पाठिंबा देतं" अशी गुळगुळीत भाषा असते. ते वाक्य एखाद्या कौन्सिल सदस्याला किंवा संघटनेला दुखवायचं नाही म्हणून आलेलं असतं. लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांच्या यादीसारखंच. नाव सगळ्यांचं, राबणारे चार.

यादी जितकी लांब तितकी तिची ताकद कमी. सगळंच महत्त्वाचं म्हटलं की विधिमंडळाचे सदस्य हसून मान डोलावतात आणि सोयीचं तेवढं उचलतात.

मागितलं आणि मिळालं, असं एखादं उदाहरण?

बस लेनमधले कॅमेरे. सिॲटलच्या मध्यवस्तीत गाड्या बसच्या लेनमध्ये घुसतात, सिग्नल पडल्यावर चौकात अडकून राहतात आणि मागे बसगाड्यांची रांग लागते. कॅमेरा लावून दंड करणं हा साधा उपाय. पण कोणत्या गुन्ह्यासाठी कॅमेरा वापरता येईल हे राज्याचा कायदा ठरवतो आणि त्यात बस लेन नव्हती. एका चौकात एक कॅमेरा लावायला राज्याच्या दोन्ही सभागृहांची संमती!

विधेयक क्रमांक १७९३ हे २०१९ च्या अधिवेशनात आलं आणि अडकलं. इथे विधेयक दोन वर्षं जिवंत राहतं, म्हणून २०२० मध्ये तेच पुढे सरकलं आणि मंजूर झालं. पण किती अटींनी! परवानगी फक्त पाच लाखांहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. एवढ्या लोकसंख्येचं शहर राज्यात एकच, पण कायद्यात सिॲटलचं नाव नाही. दंड जास्तीत जास्त ७५ डॉलर, पहिल्यांदा नुसती ताकीद. खर्च वजा जाता दंडाच्या रकमेतला अर्धा वाटा राज्याच्या रस्ते-सुरक्षा निधीला. आणि हे सगळं मुदतीच्या प्रयोगापुरतं, म्हणजे मुदत संपत आली की पुन्हा ऑलिंपियाच्या पायऱ्या झिजवायच्या. मुदतवाढ मिळाली, पण मागावी लागली.

अलीकडचं उदाहरण २०२५ चं. सार्वजनिक सुरक्षेसाठी ०.१ टक्का जादा विक्रीकर मतदान न घेता, कौन्सिलच्या निर्णयाने लावायची मुभा शहरांना मिळाली. जोडीला पोलीस भरतीसाठी १० कोटी डॉलरचा अनुदान निधी. ही केवळ सिॲटलची नाही, राज्यभरच्या शहरांची मागणी होती, आणि माझ्या मते म्हणूनच ती पदरात पडली.

आणि मागूनही न मिळालेलं?

घरपट्टीवरची एक टक्क्याची मर्यादा. २००१ मध्ये मतदारांनी जनमताने ठरवलं की शहराचं घरपट्टीचं एकूण उत्पन्न, नवीन बांधकाम सोडून, वर्षाला एक टक्क्याहून जास्त वाढू नये. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते जनमत रद्द केलं. शहरांनी सुटकेचा श्वास सोडेपर्यंत विधिमंडळाने त्याच महिन्यात खास अधिवेशन बोलावून तीच मर्यादा स्वतःच कायद्यात घातली. तेव्हापासून शहरं म्हणताहेत की पगार, पेट्रोल, डांबर सगळं तीन-चार टक्क्यांनी वाढतं, आम्ही एक टक्क्यात कसं भागवायचं? २०२४ आणि २०२५ मध्ये मर्यादा तीन टक्क्यांपर्यंत नेण्याचे प्रयत्न झाले. दोन्ही वेळा बारगळले. "घरपट्टी वाढवणारा आमदार" हा शिक्का कुणाला हवाय?

पण मग माझी घरपट्टी एक टक्क्याहून जास्त कशी वाढते?

कारण मर्यादा तुमच्या बिलावर नाही, शहराच्या एकूण वसुलीवर आहे. तुमच्या घराची किंमत शेजाऱ्यापेक्षा जास्त वाढली तर त्याच वसुलीतला तुमचा वाटा वाढतो. शिवाय मतदारांनी मंजूर केलेली आकारणी, म्हणजे ठरावीक कामासाठीची जादा घरपट्टी, या मर्यादेच्या वर बसते. सिॲटलच्या मतदारांनी २०२३ मध्ये घरबांधणीसाठी सात वर्षांची ९७ कोटी डॉलरची आणि २०२४ मध्ये वाहतुकीसाठी आठ वर्षांची १५५ कोटी डॉलरची आकारणी मंजूर केली. नेहमीच्या तिजोरीतून भागत नाही म्हणून शहर दर थोड्या वर्षांनी अशी झोळी घेऊन मतदारांकडे येतं. त्यात शाळा, काउंटी, बंदर, राज्य यांचे वेगळे हिस्से. कौन्सिलच्या नावाने बोटं मोडण्याआधी बिलाची मागची बाजू वाचा.

घरभाड्याचं काय? कौन्सिल त्यावर मर्यादा का घालत नाही?

१९८१ पासून राज्याच्या कायद्याने शहरांना भाडेनियंत्रणाची मनाई आहे. आपल्या मुंबईच्या पागडीच्या चाळी पाहिलेल्यांना या मनाईमागचा युक्तिवाद लगेच पटतो, इथल्या भाडेकरूला मुळीच पटत नाही. राज्याने बंदी उठवली तर त्याच दिवशी लागू होईल असा भाडेनियंत्रणाचा कायदा आधीच करून ठेवावा, हा प्रस्ताव २०२३ मध्ये कौन्सिलपुढे आला होता. तो ६ विरुद्ध २ मतांनी पडला. म्हणजे सगळं खापर राज्याच्या माथी फोडता येत नाही.

शेवटी मर्यादा आली ती राज्याकडूनच. मे २०२५ मध्ये गव्हर्नर बॉब फर्ग्युसन यांनी सही केलेल्या कायद्यानुसार वर्षाची भाडेवाढ सात टक्के अधिक महागाई दर किंवा दहा टक्के, यांतलं जे कमी असेल त्याहून जास्त करता येत नाही. नव्या इमारतींना बारा वर्षं सूट आहे. घर भाड्याने दिलेल्या मंडळींनीही हा कायदा एकदा वाचावा. पूर्वी फराळाला फक्त भाडेकरू हा प्रश्न विचारत, आता घरमालकही विचारतात.

लॉबिस्टचं काम फक्त मागण्याचं असतं का?

अर्धं काम थोपवण्याचं, आणि ते कुठे दिसत नाही. शहराचा एखादा अधिकार काढून घेणारी विधेयकं दर वर्षी येतात. ती समितीतच मेली तर बातमी होत नाही. पण न मेलेल्यांची उदाहरणं पुष्कळ आहेत.

सिॲटलने जानेवारी २०१८ पासून गोड पेयांवर कर लावला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पेय कंपन्यांच्या पैशावर एक जनमत आलं आणि राज्यातल्या कोणत्याही शहराला असा नवा कर लावायची मनाई झाली. सिॲटलचा कर आधीचा म्हणून वाचला, इतरांचा रस्ता बंद. २०२२ मध्ये टॅक्सी ॲपच्या चालकांचं किमान मानधन राज्यभर ठरलं, त्याच्या बदल्यात शहरांचे नियम करण्याचे हात बांधले गेले. २०२३ मध्ये ७५ हजारांहून मोठ्या शहरांना निवासी भूखंडावर चार घरांची परवानगी देणं बंधनकारक झालं. या शेवटच्या कायद्याचं मला स्वतःला कौतुक आहे. काही शहरांनी त्याला "स्थानिक स्वायत्तता" म्हणत विरोध केला, पण पुष्कळ ठिकाणी त्या शब्दाआड "आमच्या गल्लीत नको" हेच दडलेलं होतं.

कधी कधी शहर कुंपणातली फटही शोधतं. बंदुकांचं नियमन राज्याने राखून ठेवलंय, म्हणून सिॲटलने २०१५ मध्ये बंदुकीच्या विक्रीवर २५ डॉलर कर लावला. हे नियमन नाही, कर आहे, असं शहराचं म्हणणं. २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं.

आमच्याच करातून लॉबिस्टचा पगार? हे कायदेशीर आहे?

आहे, पण लगाम घालून. १९७२ च्या जनमतातून इथे राजकीय खर्चावर नजर ठेवणारं पब्लिक डिस्क्लोजर कमिशन जन्माला आलं. लॉबिंगवर खर्च करणाऱ्या शहरांनी दर तिमाहीला त्याच्याकडे हिशोब भरायचा असतो आणि तो कुणालाही बघता येतो. शहराने आपली अधिकृत भूमिका आमदारांपुढे मांडायला हरकत नाही. सरकारी पैशाने लोकांना चिथावून "तुमच्या आमदाराला फोन करा" अशी मोहीम चालवायला मनाई आहे. निवडणूक निधी, भेटवस्तू तर नाहीच नाही. त्यामुळे शहराच्या कर्मचाऱ्याला तुम्ही विचारलंत की "मी या विधेयकासाठी फोन करू का?" तर तो गप्प बसेल. तो शिष्टपणा करत नसतो.

मी रेडमंडला राहतो. मला सिॲटलच्या यादीशी काय देणंघेणं?

तुमच्या शहराची वेगळी यादी आहे, बेल्व्ह्यूचीही आहे. आपली बहुतेक मराठी वस्ती लेक वॉशिंग्टनच्या पूर्वेला, सिॲटलच्या हद्दीबाहेर, पण गप्पा मात्र सिॲटलच्या राजकारणाच्या! राज्यातल्या २८१ शहरांची असोसिएशन ऑफ वॉशिंग्टन सिटीज ही संघटना स्वतःची सामायिक यादी करते. सिॲटल ज्या किंग काउंटीत आहे तिथल्या लहान शहरांची साउंड सिटीज असोसिएशन आणखी वेगळी, तिच्यात सिॲटल नाही.

सिॲटललाही राज्यभरच्या शहरांची ती पहिली संघटना लागते, कारण ऑलिंपियात एकट्या सिॲटलचं नाव घेतलं की पूर्वेकडच्या गहू-सफरचंदांच्या प्रदेशातले सदस्य आधी नाही म्हणतात आणि मग कारण शोधतात. विधिमंडळात ४९ मतदारसंघ आहेत आणि जवळपास पूर्णपणे सिॲटलचे म्हणावेत असे त्यातले मोजकेच. म्हणून शहाणा लॉबिस्ट आपली मागणी स्पोकेन किंवा याकिमाच्या तोंडून वदवून घेतो.

क्षमा सावंत यांच्या जातीभेदविरोधी कायद्याला राज्याची परवानगी लागली होती का?

नाही. पुण्यात जन्मलेल्या आणि मुंबईत वाढलेल्या सावंत तेव्हा कौन्सिल सदस्य होत्या. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी कौन्सिलने ६ विरुद्ध १ मतांनी जात हा निकष शहराच्या भेदभावविरोधी कायद्यात घातला. असं करणारं सिॲटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर. भेदभावाविरुद्ध राज्यापेक्षा जास्त संरक्षण द्यायला शहराला आडकाठी नाही, म्हणून विषय सिटी हॉलमध्येच संपला. पण तो कायदा शहराच्या हद्दीपुरता. पूल ओलांडून रेडमंडच्या ऑफिसात गेलात की तो मागे राहिला. ती हद्द पुसायची असेल तर मात्र गाडी ऑलिंपियाकडेच वळवावी लागते.

मला मत नाही, व्हिसावर आहे. मी यात काय करू शकतो?

वाटतं त्याहून बरंच काही. कौन्सिलच्या बैठकीत बोलायला मतदार असावं लागत नाही. राज्याच्या समितीपुढेही नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सुनावणीच्या एक तास आधीपर्यंत नाव नोंदवायचं आणि घरूनच पडद्यावर बोलायचं. बोलायचं नसेल तर नुसता पाठिंबा किंवा विरोध नोंदवता येतो. लेखी म्हणणं सुनावणीनंतर २४ तासांपर्यंत चालतं.

मी पहिल्यांदा बोललो तेव्हा पाच मिनिटांचं भाषण तयार करून बसलो होतो. वाट्याला आला एक मिनिट. प्रस्तावनेतच तो गेला. तेव्हापासून पहिल्या वाक्यात विधेयकाचा क्रमांक आणि बाजू सांगतो, दुसऱ्यात स्वतःचा अनुभव, आणि आभार मानून मोकळा होतो.

तरीही माझा सल्ला असा की जानेवारीची वाट बघू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या कौन्सिल सदस्याच्या कार्यालयाला एक मुद्देसूद ईमेल पाठवा: अमुक अडचण आहे, ती शहराच्या हातात नाही, पुढच्या यादीत घ्या. त्या वेळी फार कमी लोक लिहितात.

सगळ्या राज्यांत असंच असतं का?

टेक्ससमधल्या नातेवाइकांना विचारा. डेंटन शहराच्या मतदारांनी २०१४ मध्ये तेल-वायूसाठी जमिनीखालचा खडक फोडण्यावर (फ्रॅकिंगवर) बंदी घातली, २०१५ मध्ये राज्याने ती कायद्याने मोडीत काढली. ऑस्टिनच्या मतदारांनी २०१६ मध्ये टॅक्सी ॲपच्या चालकांना बोटांच्या ठशांची सक्ती कायम ठेवली, उबर आणि लिफ्ट शहर सोडून गेल्या, आणि पुढच्याच वर्षी राज्याने नियम स्वतःकडे घेऊन त्यांना परत आणलं. करदात्यांच्या पैशाने शहरांनी लॉबिंगच करू नये, असं विधेयकही तिथे २०१९ मध्ये आलं होतं. ते पडलं. ते पाडायला शहरांचे लॉबिस्ट हजर होते, हे ओघाने आलंच.

अधिवेशन संपल्यावर काय होतं?

विधेयकं गव्हर्नरकडे जातात. वॉशिंग्टनच्या गव्हर्नरला विधेयकातलं एखादंच कलम खोडून बाकीचं मंजूर करता येतं, म्हणून शहराचे लोक सही होईपर्यंत पेढे वाटत नाहीत. तातडीचं कलम नसेल तर कायदा अधिवेशन संपल्यापासून ९० दिवसांनी लागू होतो. मग कार्यालय हिशोब मांडतं: काय मिळालं, काय अडकलं, काय थोपवलं. अडकलेल्यातलं बरंचसं दोन शब्द बदलून पुढच्या यादीत येतं. गेल्या दोन-तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवून बघा, कोणती मागणी न चुकता येते आणि कोणती गुपचूप गळली ते दिसेल. गळलेल्यांबद्दल कौन्सिल सदस्याला विचारायला मला फार आवडतं. उत्तर क्वचितच मिळतं.